शिडाच्या काळातील ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याची कारकीर्द कशी शोधावी

विजयदुर्गाचा पाडाव, मुंबईची गोदी किंवा मराठे-इंग्रज युद्धे यांविषयी वाचताना एखाद्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याचे नाव अचानक समोर येते आणि दोन पानांनी तितक्याच अचानक नाहीसे होते. हा माणूस कोठून आला, कोणाच्या वशिल्याने चढला आणि पुढे त्याचे काय झाले, हे शोधण्याची इच्छा असेल तर कागदांची वाण नाही. ज्या नोकरीत पगार मिळवण्यासाठी रोजनिशी सादर करावी लागे आणि माणूस जहाजावर चढल्या-उतरल्याची नोंद हजेरीपटावर होई, त्या नोकरीने मागे ठेवलेले दफ्तर प्रचंड आहे. अडचण आहे ती त्या दफ्तरात शिरावे कोठून, ही. बहुतेक जण जन्मतारखेपासून सुरुवात करतात आणि पहिल्या आठवड्यातच अडकतात, कारण या मंडळींच्या बालपणाच्या नोंदी अपुऱ्या असतात आणि पुष्कळदा चक्क खोट्या असतात.

माझ्या मते सुरुवात मधूनच करावी. शोधायची पहिली गोष्ट एकच: हा अधिकारी 'पोस्ट-कॅप्टन' कोणत्या दिवशी झाला? साधारणपणे वीस किंवा त्याहून अधिक तोफांच्या, म्हणजे आरमाराच्या दर्जानुसार वर्गवारीत बसणाऱ्या युद्धनौकेचा कप्तान म्हणून ज्या दिवशी नेमणूक होई, तो हा दिवस. त्या तारखेआधीच्या आयुष्यात वशिला, शौर्य, दैव आणि वरिष्ठाची मर्जी या सगळ्यांना वाव होता. त्या तारखेनंतर मात्र ज्येष्ठतेच्या यादीत आपल्यावरचे लोक मरण्याची, निवृत्त होण्याची किंवा वर सरकण्याची वाट पाहत बसणे एवढेच उरे. खालच्याला उडी मारून वरच्याच्या पुढे जाता येत नसे.

या एका तारखेचे वजन किती, हे पाहायचे तर नेल्सन आणि कॉलिंगवुड यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात. कथबर्ट कॉलिंगवुड १७६१ मध्ये आरमारात आला, होरेशिओ नेल्सन १७७१ मध्ये. कॉलिंगवुड वयानेही दहा वर्षांनी मोठा होता. पण जमैकाच्या ठाण्यावरचा सेनापती सर पीटर पार्कर याची मर्जी नेल्सनवर आधी बसली. नेल्सनने 'लोस्टॉफ' सोडले तेव्हा त्याच्या जागी कॉलिंगवुड आला, नेल्सनने 'बॅजर' सोडले तेव्हा तेथेही तोच आला आणि 'हिंचिनब्रुक' या जहाजाच्या बाबतीतही तेच घडले. याच शेवटच्या जहाजाने दोघांनाही पोस्ट-कॅप्टन केले, नेल्सनला जून १७७९ मध्ये आणि कॉलिंगवुडला मार्च १७८० मध्ये. हे नऊ महिने पुढे जन्मभर कायम राहिले. १८०५ मध्ये ट्रफाल्गारच्या लढाईत दहा वर्षांनी लहान असलेला नेल्सन सेनापती होता आणि कॉलिंगवुड त्याचा दुय्यम.

ही तारीख काढणे फारसे अवघड नाही. १७८० च्या दशकापासून लंडनचे डेव्हिड स्टील हे प्रकाशक आरमारी अधिकाऱ्यांच्या याद्या छापून विकत असत आणि १८१४ पासून सरकारी 'नेव्ही लिस्ट' नियमित निघू लागली. या याद्यांत नाव अकारविल्हे न पाहता ज्येष्ठतेच्या रकान्यात पाहावे, कारण तेथे नावासमोर पदाची तारीख असते आणि आपल्या माणसाच्या वर-खाली कोण होते तेही कळते. ही वर-खालची पाच-सहा नावे वहीत उतरवून ठेवावीत. पुढे केव्हातरी 'याला बढती का मिळाली नाही?' असा प्रश्न पडतो, तेव्हा त्या शेजाऱ्यांनाही मिळाली नव्हती असे दिसले की निम्मे उत्तर हाती येते. अधिकारी १८४५ च्या सुमारास हयात असेल तर विल्यम ओ'बर्न यांचा १८४९ चा आरमारी चरित्रकोश काम पुष्कळ सोपे करतो. १८२३ पासून निघालेली जॉन मार्शल यांची चरित्रमाला त्यापूर्वीच्या पिढीसाठी उपयोगी आहे. दोन्हींतला बराचसा मजकूर अधिकाऱ्यांनी स्वतः पुरवलेला आहे, म्हणून पराक्रमाची वर्णने जरा हात राखून वाचावीत. तारखा मात्र बहुधा विश्वासार्ह असतात, कारण ज्येष्ठतेबाबत खोटे बोलणाऱ्याला शेजारच्या नावाचा माणूस सोडत नसे.

पदनामांचे चकवे

तारीख शोधण्याआधी हातातला माणूस नक्की कोणत्या पदावर होता, याची खातरजमा करावी. येथे मराठी वाचकाची हमखास फसगत होते, कारण आपल्याकडे 'कॅप्टन', 'कमोडोर' आणि 'ॲडमिरल' हे शब्द सरसकट वापरले जातात. जहाज कितीही लहान असो, त्याच्या प्रमुखाला सौजन्याने कॅप्टनच म्हणत. जेम्स कुक 'एंडेव्हर' घेऊन १७६८ मध्ये निघाला तेव्हा त्याचा हुद्दा केवळ लेफ्टनंटचा होता. परत आल्यावर १७७१ मध्ये तो कमांडर झाला आणि पोस्ट-कॅप्टन झाला तो १७७५ मध्ये. 'बाउंटी'वरील बंडाच्या वेळी विल्यम ब्लायही लेफ्टनंटच होता. स्लूप जातीच्या छोट्या लढाऊ जहाजाच्या प्रमुखाला १७९४ पर्यंत 'मास्टर अँड कमांडर' म्हणत आणि त्यानंतर नुसते 'कमांडर'. नेल्सनचे 'बॅजर' हे असेच जहाज होते. म्हणून कागदात 'कॅप्टन' दिसले की आधी जहाज कोणते ते पाहावे. १७५६ मध्ये विजयदुर्गासमोर आलेल्या ताफ्यात 'ब्रिजवॉटर' २० तोफांचे होते, तर 'किंगफिशर' स्लूप होते. दोन्हींच्या प्रमुखांना समकालीन पत्रांत कॅप्टनच म्हटलेले असले तरी ज्येष्ठतेच्या यादीत एक पोस्ट-कॅप्टनांत बसतो आणि दुसरा बसत नाही.

कमोडोर हा त्या काळी कायमचा हुद्दा नव्हता. काही जहाजांची तुकडी तात्पुरती सोपवलेल्या कप्तानाला ते नाव मिळे आणि काम संपले की तो पुन्हा कप्तानच होई. 'मिडशिपमन', म्हणजे अधिकारी होऊ पाहणारा उमेदवार, तर राजाच्या सनदेचा अधिकारीही नव्हता. ती जहाजावर कप्तानाने द्यायची जागा होती आणि कप्तान ती काढूनही घेऊ शकत असे. 'मास्टर' म्हणजे जहाजाचा मालक नव्हे आणि कप्तानही नव्हे. नौकानयनाची, शिडांची आणि नकाशांची जबाबदारी असलेला तो वॉरंट अधिकारी, म्हणजे राजाच्या सनदेशिवाय नेमलेला अधिकारी, होता, आपल्याकडच्या तांडेलाची आठवण करून देणारा, परंतु हुद्द्याने लेफ्टनंटच्या खालचा.

अधिकाऱ्याचे रंगीत व्यक्तिचित्र उपलब्ध असेल तर खांदे न्याहाळावेत. १७९५ च्या नियमानुसार कमांडरने डाव्या खांद्यावर एक झुपकेदार भूषण लावायचे, तीन वर्षांपेक्षा कमी ज्येष्ठतेच्या कप्तानाने उजव्या खांद्यावर एक आणि तीन वर्षे पूर्ण झालेल्याने दोन्ही खांद्यांवर. चित्र केव्हाचे, याचा अंदाज एवढ्यावरून तीन-चार वर्षांच्या अंतरात बांधता येतो. अर्थात चित्रकाराने बढतीनंतर भूषण मागाहून रंगवल्याची शक्यता लक्षात ठेवावी. नेल्सनचे प्रसिद्ध तरुणपणीचे चित्र असेच लेफ्टनंट असताना सुरू होऊन तो कप्तान झाल्यावर पुरे झालेले आहे.

मागे जाताना

पोस्ट-कॅप्टनपदाची तारीख हाती आली की मागे सरकावे. ब्रिटिश आरमाराचे मूळ कागद लंडनजवळ क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि ॲडमिरल्टीच्या, म्हणजे आरमाराचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या, कागदांच्या मालिकांना 'एडीएम' या अक्षरांनंतर क्रमांक दिलेले आहेत. नवखा शोधक सूचीत 'अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी' असे वाचून थेट एडीएम १९६ या मालिकेत शिरतो. ती मालिका मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या लोकांसाठी कामाची आहे. शिडाच्या काळातल्या माणसासाठी त्याऐवजी एडीएम १०७ मागवावी. तिच्यात लेफ्टनंटच्या परीक्षेची प्रमाणपत्रे आहेत.

ही परीक्षा ॲडमिरल्टीचा तेव्हाचा सचिव सॅम्युएल पीप्स याच्या पुढाकाराने १६७७ मध्ये सुरू झाली. उमेदवाराची समुद्रावर सहा वर्षे सेवा झालेली असावी, त्यातील काही काळ मिडशिपमन किंवा मास्टरचा मेट (मदतनीस) म्हणून गेलेला असावा, त्याने आपल्या रोजनिश्या आणि कप्तानांचे दाखले आणावेत आणि अनुभवी कप्तानांच्या मंडळाने तोंडी प्रश्न विचारून त्याला पारखावे, अशी पद्धत होती. आपल्या दृष्टीने प्रमाणपत्राचे मोल असे की उमेदवाराने कोणकोणत्या जहाजांवर, कोणत्या जागेवर आणि किती वर्षे-महिने-आठवडे-दिवस काढले, याचा हिशेब त्यात मांडलेला असतो. म्हणजे बालपण ते विशीपर्यंतचा सगळा प्रवास एका पानावर सापडतो.

सापडतो खरा, पण त्या पानावर आंधळा विश्वास ठेवू नये. नेल्सनची परीक्षा ९ एप्रिल १७७७ रोजी झाली आणि त्याचे वय वीस वर्षांहून अधिक असल्याचे प्रमाणपत्रात नमूद आहे. त्याचा जन्म २९ सप्टेंबर १७५८ चा, म्हणजे त्या दिवशी त्याला साडेअठरा वर्षेच झाली होती. मंडळावर बसलेला कप्तान मॉरिस सकलिंग हा नेव्ही बोर्डाचा प्रमुख होता आणि नेल्सनचा सख्खा मामा. दुसऱ्या दिवशी नेल्सनला लेफ्टनंटची सनद मिळाली. भाच्यासाठी मामाने केलेली ही सोय आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी. मात्र सनद इतक्या लवकर मिळणे हा अपवाद होता. परीक्षा उतरणे आणि नेमणूक मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी होत, आणि परीक्षा उतरून वर्षानुवर्षे मिडशिपमनच राहिलेले लोक पुष्कळ सापडतात. म्हणून दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहाव्यात. नेमणुकीची तारीख एडीएम ६ मधील सनदांच्या नोंदवह्यांत मिळते.

प्रमाणपत्रातील जहाजांची यादी हाती आली की ती हजेरीपटांशी ताडून पाहावी. हे हजेरीपट एडीएम ३६ आणि ३७ मध्ये जहाजवार लावलेले आहेत. प्रत्येक ओळीत अनुक्रमांक, जहाजावर आल्याची तारीख, नाव, जागा आणि १७६४ पासून वय व जन्मस्थानही असते. ओळीत एका अरुंद रकान्यात 'डी', 'डीडी' किंवा 'आर' अशी खूण दिसते. डी म्हणजे जहाजावरून उतरला, डीडी म्हणजे मेला आणि आर म्हणजे पळाला. उतरून कोणत्या जहाजावर गेला, हेही बहुधा शेजारी लिहिलेले असते आणि त्या धाग्याने पुढचा हजेरीपट मागवता येतो.

येथेही एक खोट आहे. दर शंभर माणसांमागे चार या हिशेबाने कप्तानाला आपले 'नोकर' जहाजावर ठेवण्याची मुभा होती. त्यांतले बरेचसे खरे नोकर नसून अधिकारी होऊ पाहणारी नातलगांची व स्नेह्यांची मुले असत. सहा वर्षांची सेवा लवकर भरावी म्हणून काहींची नावे ती मुले घरी खेळत असतानाच पटावर चढवली जात. थॉमस कॉक्रन याचे नाव त्याच्या काकाने असेच लहानपणी अनेक जहाजांवर लावले होते, तो प्रत्यक्ष जहाजावर चढला १७९३ मध्ये, सतराव्या वर्षी. प्रोव्हो वॉलिस याचे नाव तर चौथ्या वर्षी पटावर आले. म्हणून हजेरीपटातले वय आणि बाप्तिस्म्याची नोंद यांचा मेळ बसत नसेल तर चर्चच्या नोंदीला झुकते माप द्यावे, आणि सहा-सात वर्षांचे पोर दूरच्या ठाण्यावरील फ्रिगेटवर 'हजर' दिसले तर त्याच काळात ते गावच्या शाळेत होते काय, याचा शोध घ्यावा. पोर्टस्मथला १७३३ पासून आरमारी विद्यालय होते, पण बहुसंख्य मुले कप्तानाच्या ओळखीनेच समुद्रावर जात.

मुले खरोखरच हजर असत तेव्हा त्याची किंमतही खरी असे. मार्च १७५७ मध्ये चंद्रनगरवरील हल्ल्यात 'केंट' जहाजाचा कप्तान हेन्री स्पीक आणि त्याच जहाजावर असलेला त्याचा सोळा वर्षांचा मुलगा हे दोघेही एकाच गोळ्याने जखमी झाले. मुलगा वाचला नाही. त्याच्या शेवटच्या दिवसांची हकिकत जहाजाचा शल्यवैद्य एडवर्ड आइव्हज याने लिहून ठेवली आहे. हजेरीपटाच्या ओळीत अशा मृत्यूची दोन अक्षरेच उरतात.

पुढे जाताना

पोस्ट-कॅप्टन झाल्यावरच्या काळासाठी जहाजांच्या रोजनिश्या हा मुख्य आधार. कप्तानांच्या रोजनिश्या एडीएम ५१ मध्ये आणि मास्टरांच्या एडीएम ५२ मध्ये आहेत. लेफ्टनंटांच्या रोजनिश्या मात्र ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहेत, तेव्हा लंडनचा प्रवास आखताना दोन्ही ठिकाणांसाठी दिवस राखून ठेवावेत. एकाच जहाजाच्या दोन रोजनिश्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. लेफ्टनंटने कप्तानाची नक्कल केलेली असेल तर दोघांचे शब्द जसेच्या तसे जुळतात, आणि मास्टर वाऱ्याची दिशा, शिडे, नांगर व पाण्याची खोली यांविषयी अधिक काटेकोर असतो.

तारखांबाबत विशेष सावध राहावे. आरमारी दिवस दुपारी बारा ते दुपारी बारा असा मोजत आणि तो लौकिक दिवसाच्या बारा तास आधी सुरू होई. त्यामुळे १२ तारखेची दुपार उलटली की रोजनिशीत १३ तारीख लागे. ट्रफाल्गारची लढाई २१ ऑक्टोबर १८०५ ची, पण त्या दुपारच्या घटना अनेक जहाजांच्या रोजनिश्यांत २२ तारखेखाली सापडतात, ते याच कारणाने. ही पद्धत बंद करण्याचा हुकूम त्याच महिन्यात निघाला होता, पण तो सर्व जहाजांपर्यंत पोहोचला नव्हता. विजयदुर्गावरील तोफांचा मारा १२ फेब्रुवारी १७५६ च्या दुपारी सुरू झाला, एक गोळा 'रेस्टोरेशन' या तुळाजी आंग्र्याने कंपनीकडून पूर्वी पकडलेल्या जहाजावर पडून आग लागली आणि ती गुराबा-गलबतांच्या संबंध आरमारात पसरली. किल्ला हाती आला १३ तारखेस. या मोहिमेची रोजनिशी वाचताना आरमार तेराव्या तारखेस जळाले असे वाटले तर लगेच नवा शोध जाहीर करू नये. लिहिणारा आरमारी दिवस मोजत होता की बंदरात नांगरल्यावर लौकिक दिवस, हे आधी मागच्या-पुढच्या पानांवरून ठरवावे. १७५२ पूर्वीच्या कागदांत आणखी एक गुंता असतो. इंग्लंडात तोवर वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांना मागच्या वर्षाचा आकडा लागतो. शिवाय त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला.

रोजनिश्या तुटतात तेथे घाबरू नये. बहुधा अधिकारी मेलेला नसतो, घरी अर्ध्या पगारावर बसलेला असतो. शांततेच्या काळात जहाजे उभी करून ठेवली जात, माणसे सोडली जात आणि सनद असलेल्या अधिकाऱ्यांना पुढच्या युद्धाची वाट पाहत अर्धा पगार मिळे. नेल्सन १७८७ ते १७९३ असाच नॉर्फकमध्ये बापाच्या घरी बसून होता. या पगाराच्या वह्या एडीएम २५ मध्ये आहेत आणि पैसे उचलणाऱ्याचे नाव त्यांत आढळले तर निदान माणूस जिवंत होता एवढे सिद्ध होते. नेपोलियनविरोधी युद्ध संपल्यावर आरमारातील माणसांची संख्या सुमारे १,४०,००० वरून काही वर्षांतच २०,००० च्या आसपास आली, पण अधिकारी यादीत तसेच राहिले. १८१५ नंतर ज्याला एकही जहाज मिळाले नाही, तो नालायक होता असे समजणे म्हणूनच अन्यायाचे होईल. १८१७ मध्ये ॲडमिरल्टीने अधिकाऱ्यांकडून त्यांच्या सेवेची माहिती लिहवून घेतली होती. ती एडीएम ९ मध्ये आहे आणि अशा घरी बसलेल्यांच्या हस्ताक्षरातले ते निवेदन कित्येकदा चरित्रकोशापेक्षा बोलके असते.

त्याच्या पुढची पायरी ध्वजाधिकाऱ्याची. रिअर-ॲडमिरल, व्हाइस-ॲडमिरल आणि ॲडमिरल या तीन पदांत प्रत्येकी निळा, पांढरा व तांबडा असे रंग असत आणि निळ्यावरून पांढऱ्यावर, पांढऱ्यावरून तांबड्यावर असे चढत जावे लागे. तांबड्या रंगाचा पूर्ण ॲडमिरल हा हुद्दा १८०५ मध्ये निर्माण झाला आणि रंगांची ही सारी पद्धत १८६४ मध्ये संपली. नेल्सन मरताना पांढऱ्या रंगाचा व्हाइस-ॲडमिरल होता, पूर्ण ॲडमिरल तो कधीच झाला नाही. ज्येष्ठतेचा नियम इतका कडक असल्यामुळे निकामी म्हाताऱ्यांना वगळून कर्त्या माणसाला वर आणणे कठीण पडे. त्यावर १७४७ मध्ये तोड निघाली: नको असलेल्या ज्येष्ठ कप्तानाला रिअर-ॲडमिरलचा हुद्दा आणि अर्धा पगार द्यायचा, मात्र कोणताही रंग द्यायचा नाही. पिवळा रंग या पद्धतीत अस्तित्वातच नसल्याने लोक त्यांना चेष्टेने 'पिवळे ॲडमिरल' म्हणत. यादीत एखाद्याच्या हुद्द्यापुढे रंग दिसत नसेल, तर तो बढती मिळून घरी बसवलेला आहे असे समजावे.

विजयदुर्गावर चालून आलेल्या इंग्रज ताफ्याचा प्रमुख चार्ल्स वॉटसन याची कारकीर्द या चौकटीत घालून पाहावी. जन्म १७१४, आरमारात प्रवेश १७२८, कप्तान १७३८, म्हणजे चोविसाव्या वर्षी. त्या वेळी ॲडमिरल्टीचा प्रमुख सर चार्ल्स वेजर हा वॉटसनचा मामा होता. पण पुढे १७४७ च्या, स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळच्या दोन्ही लढायांत तो होता आणि १७४८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तो रिअर-ॲडमिरल झाला. केवळ दहा वर्षांत कप्तानाचा ध्वजाधिकारी होणे हे वशिल्याबरोबरच त्या नव्या 'पिवळ्या' नियमाच्या आणि युद्धाच्या काळातच शक्य होते. १७५४ मध्ये तो हिंदुस्थानकडे निघाला आणि १६ ऑगस्ट १७५७ रोजी कोलकात्यात तापाने गेला. दूरच्या ठाण्यांवर रोगराईने जागा रिकाम्या होत आणि त्या भरण्याचा अधिकार तेथल्या सेनापतीस असे. 'रक्तरंजित युद्ध आणि रोगट हंगाम येवो' असा पेला अधिकारी उगाच उचलत नसत. अशा जागी झालेल्या नेमणुकीस लंडनची मंजुरी नंतर मिळे, म्हणून हिंदुस्थानातील अधिकाऱ्यांच्या बाबतीत पुष्कळदा दोन तारखा सापडतात आणि दोन्ही खऱ्या असतात.

लष्करी न्यायालयाची नोंद आढळली तर दचकू नये. जहाज बुडाले किंवा शत्रूच्या हाती पडले की कप्तानाची चौकशी नियमानेच होई आणि बहुतेक निर्दोष सुटत. ॲडमिरल जॉन बिंग याला मार्च १७५७ मध्ये जहाजाच्या डेकवर गोळ्या घातल्या गेल्या, हा अपवाद.

पैसा

माणसाच्या कारकिर्दीचा खरा नकाशा मृत्युपत्रात असतो, असे मी अनुभवाने म्हणू लागलो आहे. कँटरबरीच्या न्यायालयात सिद्ध झालेली मृत्युपत्रे पीआरओबी ११ या मालिकेत आहेत आणि त्यांच्या प्रती घरबसल्या उतरवून घेता येतात. त्यांत जमीन किती आणि लुटीच्या वाटपातून येणे किती, याचा उल्लेख असेल तर तो पगाराशी ताडून पाहावा. १८०८ पर्यंत पकडलेल्या जहाजाच्या किमतीचे आठ भाग करत. त्यांतले तीन कप्तानाचे, आणि तो एखाद्या ॲडमिरलच्या हुकमाखाली असेल तर त्या तिघांतला एक ॲडमिरलचा. सबंध खलाशांच्या वाट्याला मिळून दोन भाग येत. १७६२ मध्ये 'हर्मायनी' हे स्पॅनिश खजिन्याचे जहाज पकडणाऱ्या दोन्ही कप्तानांना प्रत्येकी सुमारे ६५,००० पौंड मिळाले, खलाशाला सुमारे ४८० पौंड. खलाशालाही ती कित्येक वर्षांची कमाई होती.

विजयदुर्गात सुमारे दहा लाख रुपयांची लूट मिळाली. ती कशी वाटायची हे इंग्रजांनी मोहिमेवर निघण्यापूर्वीच आपापसांत ठरवले होते आणि मित्र म्हणून बरोबर असलेल्या पेशव्यांच्या फौजेला त्यात वाटा नव्हता. क्लाइव्हला आपला हिस्सा कमी वाटला, तेव्हा वॉटसनने नियम बदलण्यास नकार दिला, परंतु कमी पडणारी रक्कम आपल्या वाट्यातून देण्याची तयारी दाखवली. क्लाइव्हने ती घेतली नाही. अशा वादांचा पत्रव्यवहार एडीएम १ मध्ये आणि कंपनीच्या कागदांत विखुरलेला आहे. अधिकाऱ्याच्या स्वभावाचा अंदाज मला तरी युद्धवर्णनांपेक्षा तेथेच अधिक येतो.

नाव सापडतच नसेल तर

सगळ्या याद्या धुंडाळूनही नाव मिळत नसेल तर तो माणूस राजाच्या आरमारातला नसण्याची दाट शक्यता आहे. कोकण किनाऱ्याच्या इतिहासात भेटणारे बरेचसे इंग्रज अधिकारी ईस्ट इंडिया कंपनीच्या 'बॉम्बे मरीन'चे होते. तिची ज्येष्ठता, पगार आणि दफ्तर सर्व वेगळे. मी स्वतः सुरुवातीला कमोडोर विल्यम जेम्स या नावासाठी राजाच्या आरमाराच्या याद्या दोन दिवस चाळत बसलो होतो. एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेणारा हा माणूस कंपनीचा नोकर होता आणि त्या याद्यांत त्याचे नाव असण्याचे कारणच नव्हते. त्याचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या संग्रहात आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहावे लागतात. त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने लंडनच्या शूटर्स हिलवर १७८४ मध्ये बांधलेला तिकोनी मनोरा 'सेव्हर्नड्रूग' या नावाने अजून उभा आहे, आणि हर्णैच्या समुद्रातल्या किल्ल्याचे नाव इंग्रजी जिभेवर किती झिजले, हे त्यावरून कळते. इंग्रजी कागदांत शोधताना हा धडा लक्षात ठेवावा: विजयदुर्ग तेथे 'घेरिया' आहे, तुळाजी हा नुसता 'आंग्रिया' आहे आणि सूचीत मराठी नावे टाकून काहीही सापडत नाही.

मराठी बाजूचे कागद त्याच घटनेसाठी अवश्य पाहावेत, कारण रामाजी महादेव यांच्यासारखा कोकणातला पेशव्यांचा सरदार त्या इंग्रज अधिकाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहत होता, हे एडीएमच्या कोणत्याही मालिकेत मिळणार नाही. किल्ला कोणाच्या ताब्यात राहावा यावरून पुढे आठ महिने चाललेला वाद ऑक्टोबर १७५६ च्या तहाने मिटला आणि बाणकोट इंग्रजांकडे ठेवून विजयदुर्ग पेशव्यांना परत मिळाला. या कागदांवर इसवी सन नसतो. 'सीत खमसैन मया व अलफ' असे दिसले तर ते शुहूर सन ११५६, म्हणजे मे-जून १७५५ पासूनचे वर्ष होय, आणि किल्ला पडल्याचा फेब्रुवारी १७५६ त्यातच येतो. वहीचे पान उभे दुमडून डाव्या बाजूस जहाजाच्या रोजनिशीची तारीख व तास आणि उजव्या बाजूस तिथी व शुहूर सन लिहीत जावे, आणि दोन्हींचे लौकिक तारखेत रूपांतर पेन्सिलीनेच करावे, कारण ते एकदा तरी खोडावे लागते.